अचानक बिघडलेलं मन आणि मेंदूवर उलटलेल्या अँटिबॉडी

प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात शिकणाऱ्या १९ वर्षांच्या बहिणीला आठवडाभर कणकण आणि डोकेदुखी होती. मग झोप उडाली. ‘मोबाइलमधून माझ्यावर पाळत ठेवतात’ असं म्हणायला लागली, मध्येच हसायची, मध्येच घाबरून किंचाळायची. मानसोपचारतज्ज्ञांनी हॅलोपेरिडॉल हे भास-संशयावरचं औषध सुरू केलं, तर तीन दिवसांत अंग ताठ झालं आणि बोलणं जवळपास बंद पडलं. एमआरआय नॉर्मल आला. एक डॉक्टर म्हणतात ‘ऑटोइम्यून असू शकतं’ (म्हणजे प्रतिकारशक्तीच शरीरावर उलटली असावी), दुसरे म्हणतात ‘एमआरआय नॉर्मल म्हणजे हे मानसिकच’. भावाचं विचारणं असं की कुणाचं ऐकायचं, कोणत्या तपासण्या करायच्या आणि किती दिवस वाट बघायची.

वाट बघू नका. या वर्णनात सगळ्यात आधी शंका घ्यावी असा आजार म्हणजे अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, हा अँटिबॉडींमुळे होणारा मेंदूदाह. न्यूरॉलॉजिस्ट, मानसोपचारतज्ज्ञ आणि आयसीयू एकाच छताखाली आहेत अशा रुग्णालयात तिला आज-उद्या हलवा. तिथे पाठीतलं पाणी तपासायचं, ईईजी (मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख) काढायचा आणि अंडाशयाची सोनोग्राफी करायची. एमआरआयवर विसंबू नका. या आजारात निम्म्याहून जास्त रुग्णांचा पहिला एमआरआय नॉर्मलच असतो, त्यामुळे दुसऱ्या डॉक्टरांचा निष्कर्ष चालणार नाही. पहिल्या डॉक्टरांची शंका मात्र तपासण्यांनी पक्की करावी लागेल. नुसत्या शंकेवर महिनाभर स्टेरॉइड देत राहणं हेही योग्य नाही.

आधी आजार समजून घ्या, पुढचे निर्णय त्यावरच ठरतात. मेंदूच्या पेशींवर एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणारे रेणू, असतात. शिकणं, स्मरण आणि वास्तवाचं भान यांत त्यांचा मोठा वाटा आहे. या आजारात शरीर त्यांच्या जीएलयूएन१ या भागाविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. अँटिबॉडी चिकटल्या की रिसेप्टर जोडले जाऊन पेशीच्या आत ओढले जातात आणि पृष्ठभागावरची त्यांची संख्या घटते. केटामीन हे भुलीचं औषध याच रिसेप्टरला अडवतं. त्याचा डोस वाढत गेला की माणसाला भास होतात, तो स्वतःपासून तुटल्यासारखा होतो, शेवटी निश्चल होतो. आजाराचा क्रमही बराचसा असाच असतो. पेशी मात्र बहुतांशी मरत नाही. अँटिबॉडी हटल्या की रिसेप्टर हळूहळू पुन्हा वर येतात. म्हणून व्हेंटिलेटरवर महिना काढलेली मुलगीसुद्धा पुढे परीक्षेला बसू शकते.

न्यूरॉलॉजिस्ट जोसेप डाल्माउ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ही अँटिबॉडी ओळखली. पहिल्या १२ रुग्ण स्त्रियाच होत्या आणि सगळ्यांना टेराटोमा जातीची गाठ होती, बहुतेकींना अंडाशयात. त्याआधी अशा मुलींवर ‘मेंदूत व्हायरस’, ‘तीव्र कॅटाटोनिया’ (हालचाल आणि बोलणं गोठून जाणं) किंवा नुसतं ‘सायकोसिस’ (भास-संशयाने वास्तवाचं भान सुटणं) अशी लेबलं लागत. २०१३ साली ५७७ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ८१ टक्के स्त्रिया होत्या, मध्यवर्ती वय २१ होतं आणि ३७ टक्के रुग्ण १८ वर्षांखालचे होते. म्हणजे तुमच्या बहिणीचं वय आणि लिंग दोन्ही या आजाराच्या ऐन पट्ट्यात येतात. एवढ्यावरून निदान होत नाही, कारण स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरही नेमके याच वयात सुरू होतात.

फरक कळतो तो वेगावरून आणि सोबतच्या लक्षणांवरून. स्किझोफ्रेनिया बहुधा महिनोन्‌महिने सरकत येतो: आधी एकलकोंडेपणा, अभ्यासात घसरण, मग संशय. ऑटोइम्यून एन्सेफलायटिस दिवसांत किंवा आठवड्यांत येतो, तीन महिन्यांच्या आतच. आधी ताप, डोकेदुखी, जुलाब किंवा सर्दी होऊन जाते. मग झोप जाते, पार जाते, दोन-दोन रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. त्यानंतर संशय, भास, आक्रस्ताळेपणा. इथवर मनोविकारासारखंच दिसतं. पुढच्या एक-दोन आठवड्यांत बाकीची मंडळी येतात: फिट, बोलणं आटत जाणं, विचित्र हालचाली, शुद्धीत चढउतार, नाडी आणि रक्तदाब बेभरवशाचे होणं, शेवटी श्वास मंदावणं. रुग्णाला तिसऱ्या आठवड्यात पाहिलं तर निदान सोपं वाटतं. पहिल्या आठवड्यात ते हुकतं, कारण तेव्हा दिसतं ते फक्त मन.

तोंडाकडे नीट बघा. ओठ चावल्यासारखे हलणं, जीभ आत-बाहेर करणं, काही नसताना चघळणं, जबडा घट्ट आवळणं, चेहरा मध्येच वेडावाकडा होणं. बोटं पियानो वाजवल्यासारखी चालणं. रुग्ण अर्धवट शुद्धीत असतानाही हे चालू राहतं. हात वर करून सोडला तर तसाच हवेत राहतो. तुम्ही म्हटलेला शब्द ती परत म्हणते, नाहीतर एकच वाक्य घोळवत बसते. सकाळी नाव सांगते, दुपारी आईला ओळखत नाही, संध्याकाळी पुन्हा दोन शब्द बोलते. हा चढउतार घरच्यांना ‘नाटक’ वाटतो आणि डॉक्टरांना ‘हिस्टेरिया’. खरं तर तो आजाराचाच भाग आहे. मोबाइलवर तीस-चाळीस सेकंदांचे व्हिडिओ काढून ठेवा: चेहरा, हात, झटका आला तर तो पहिल्यापासून. ओपीडीत पाच मिनिटांत जे दिसणार नाही ते त्यात दिसतं. सोबत एका कागदावर तारखेनिशी लिहा: ताप कधी, झोप कधी गेली, पहिलं विचित्र वाक्य कधी, कोणतं औषध किती मिलिग्रॅम कधी दिलं आणि त्यानंतर काय झालं. देवऋषाकडे किंवा दर्ग्यात जाऊन आला असाल तर तेही लाज न बाळगता सांगा. तिथे काही पाजलं असेल तर डॉक्टरांना ते कळायलाच हवं, कारण धोतऱ्यानेही भास होतात आणि नाडी धावते.

२०१६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत लक्षणांचे सहा गट आहेत: वर्तन किंवा बुद्धीतला बदल, बोलण्यातला बिघाड, फिट, हालचालींचे विकार किंवा ताठरपणा, शुद्धीत घट, आणि स्वायत्त यंत्रणेचा (नाडी, रक्तदाब, घाम आपोआप सांभाळणाऱ्या नसांचा) गोंधळ किंवा मंद श्वास. तीन महिन्यांच्या आत यांतले चार गट दिसले, ईईजी किंवा पाठीतल्या पाण्यात दोष सापडला आणि दुसरं कारण वगळलं गेलं, तर अँटिबॉडीचा रिपोर्ट हातात नसतानाही ‘संभाव्य’ निदान धरून उपचार सुरू करता येतात. टेराटोमा सापडला असेल तर तीन गट पुरतात. तुमच्या बहिणीत वर्तन आणि बोलणं हे दोन गट उघड आहेत. ताठरपणा तिसरा, पण त्यात हॅलोपेरिडॉलचा हात असू शकतो, म्हणून तो सावधपणे मोजावा. नाडी, रक्तदाब, तापमान आणि घाम यांचा दर चार तासांचा तक्ता ठेवायला सांगा. चौथा गट बहुधा त्यातच सापडतो.

आता दुसरी बाजू, कारण हल्ली उलट चूकही होते आणि प्रत्येक सायकोसिसला महागडं पॅनल (अनेक अँटिबॉडींची एकत्र चाचणी) लावलं जातं. २०१३ च्याच आणखी एका अभ्यासात ५७१ रुग्णांपैकी फक्त २३ जणांना निव्वळ मानसिक लक्षणांचा झटका आला होता. त्यातले ५ पहिल्याच वेळी, उरलेले १८ आजार उलटल्यावर. म्हणजे आजाराच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त मन बिघडलं आणि मज्जासंस्थेची एकही खूण नाही, असं शंभरात एकालाही होत नाही. सहा महिने संशय आहे, बाकी शरीर ठणठणीत, फिट नाही, ताप नाही, बुद्धी शाबूत, अशा रुग्णाच्या पाठीत सुई घालण्याची घाई करू नये. सायकोसिस तीन महिन्यांच्या आतला आहे आणि सोबत फिट, कॅटाटोनिया, शुद्धीत घट, स्मरणशक्तीची अवाजवी पडझड, स्वायत्त गडबड, नुकतीच सापडलेली गाठ किंवा सायकोसिसच्या औषधाने झालेला तीव्र बिघाड यांतलं एक जरी असेल, तर मात्र तपासण्या व्हायलाच हव्यात.

पाठीतल्या पाण्याला घरचे सगळ्यात जास्त घाबरतात. ‘पाठीतून पाणी काढलं की पाय जातात’ हे गावोगाव ऐकू येतं. सुई कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यामध्ये जाते. मज्जारज्जू त्याच्या बराच वर, पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपलेला असतो. काहींचं डोकं दोन-चार दिवस दुखतं, उठून बसल्यावर जास्त. बारीक, बोथट टोकाची सुई वापरली तर ते कमी होतं. रुग्ण चळवळ करत असेल तर भूलतज्ज्ञांच्या देखरेखीखाली थोडं मिडाझोलाम देऊन काम होतं. ओढाताण करून चार जणांनी धरून ठेवू नये.

पाणी शक्यतो एकदाच काढायचं असतं, म्हणून काय काय पाठवायचं हे आधी ठरवा. प्रौढ माणसाचं ८ ते १० मिलिलिटर सहज घेता येतं. पेशींची संख्या व प्रकार, प्रथिनं, साखर (त्याच वेळी रक्तातली साखरही), जंतूंसाठी कल्चर, हर्पीज विषाणूचा पीसीआर (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी), क्षयासाठी जीनएक्स्पर्ट ही तशीच चाचणी, ऑलिगोक्लोनल बँड (मेंदूत तयार झालेल्या अँटिबॉडींची खूण; यासाठी त्याच दिवसाचं रक्तही लागतं), आणि एक-दोन मिलिलिटर ऑटोइम्यून एन्सेफलायटिस पॅनलसाठी. शक्य असेल तर १-२ मिलिलिटर गोठवून ठेवायला सांगा. पुढे नवी शंका आली तर पुन्हा सुई लागत नाही. आपल्याकडे क्षयाचा मेनिंजायटिस विसरून चालत नाही. त्यातही वागणं बिघडतं, ताप असतो, आणि क्षयाची औषधं न देता नुसते स्टेरॉइड दिले तर घात होतो. त्यात साखर घटते आणि प्रथिनं चांगलीच वाढतात. एनएमडीएत बहुधा लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी थोड्या वाढलेल्या असतात, प्रथिनं किंचित जास्त, साखर नॉर्मल. पूर्व विदर्भातल्या मुलांमध्ये जपानी मेंदूज्वराचीही चाचणी करावी. हर्पीजचा रिपोर्ट येईपर्यंत असायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध १० मिलिग्रॅम प्रतिकिलो दर आठ तासांनी शिरेतून, सलाइन भरपूर देऊन, चालू ठेवावं. पहिल्या तीन दिवसांतला पीसीआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो, म्हणून शंका दाट असेल तर तो पुन्हा करतात. हर्पीजने मेंदूदाह झाल्यावर, बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत, काहींना हाच ऑटोइम्यून आजार होतो. हर्पीजमधून सावरत असलेलं मूल पुन्हा बिघडलं तर ‘हर्पीज परत आला’ एवढ्यावर थांबू नका.

रिपोर्ट वाचताना लोक जिथे हमखास फसतात ती जागा म्हणजे रक्त की पाणी. एनएमडीएसाठी पाठीतलं पाणी खरं. नुसतं रक्त तपासलं तर सातातल्या साधारण एका खऱ्या रुग्णात ते निगेटिव्ह येतं. उलट निरोगी माणसांत आणि इतर आजारांतही रक्तात क्षीण पॉझिटिव्ह दिसू शकतं. आयजीजी जातीची अँटिबॉडीच धरायची, आयजीए किंवा आयजीएम पॉझिटिव्ह आलं म्हणून उपचार सुरू करायचे नाहीत. पद्धत ‘सेल-बेस्ड अ‍ॅसे’ (रिसेप्टर बसवलेल्या पेशींवर अँटिबॉडी चिकटते का ते पाहणारी) आहे ना, हे लॅबला विचारा. नमुना जिल्ह्याच्या गावातून मोठ्या लॅबला जायला आणि रिपोर्ट यायला चार-पाच दिवस ते आठवडा लागू शकतो. चित्र स्पष्ट असेल तर तेवढा वेळ उपचार अडवून धरू नयेत. मात्र रक्ताचे सगळे नमुने इम्युनोग्लोब्युलिन हे उपचारातलं औषध देण्याआधी काढून ठेवा. त्या बाटलीत हजारो दात्यांच्या अँटिबॉडी असतात. नंतर केलेल्या हिपॅटायटिस बी कोअर, एएनए किंवा थायरॉइड अँटिबॉडीच्या चाचण्या खोट्या पॉझिटिव्ह येऊ शकतात.

ईईजी स्वस्त आहे, दुखत नाही आणि मोठी मदत करतो. दहातल्या नऊ रुग्णांत त्यात दोष असतो, बहुधा मंद लहरी. काहींमध्ये मंद डेल्टा लहरींवर वेगवान लहरी स्वार झालेल्या दिसतात. त्याला ‘एक्स्ट्रीम डेल्टा ब्रश’ म्हणतात. ही खूण थोड्यांतच दिसते, पण दिसली तर वजनदार असते. मनोविकाराच्या पहिल्या झटक्यात इतका मंदावलेला ईईजी सहसा दिसत नाही. तो दिसला तर ‘मानसिकच’ म्हणणाऱ्यांनी थांबून विचार करावा.

गाठ शोधणं हा निदानाचा आणि उपचाराचाही भाग आहे. १८ वर्षांवरच्या स्त्री रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत अंडाशयात टेराटोमा असतो. या गाठीत केस, चरबी आणि बऱ्याचदा मज्जापेशीही असतात. त्या पेशींवर तेच रिसेप्टर असल्याने शरीर तिथून चिथावलं जातं. अविवाहित मुलीत पोटावरून सोनोग्राफी होते, पण लहान गाठ त्यात निसटते. म्हणून ओटीपोटाचा एमआरआय करावा. गाठ सापडली तर प्रकृती थोडी स्थिर होताच काढतात, ‘बरी झाल्यावर बघू’ म्हणत नाहीत, कारण गाठ आहे तोवर अँटिबॉडीचा झरा चालूच राहतो. पुरुषांत आणि लहान मुलांत गाठ क्वचितच सापडते.

हॅलोपेरिडॉलबद्दल. या रुग्णांना सायकोसिसची औषधं, विशेषतः हॅलोपेरिडॉलसारखी जोरदार औषधं, नीट सोसत नाहीत. ताठरपणा, ताप, घाम, शुद्ध हरपणं, रक्तातलं सीके (स्नायूंना इजा झाल्यावर वाढणारं) एन्झाइम हजारांत जाणं, म्हणजे न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोम या औषधांच्या जीवघेण्या दुष्परिणामासारखं चित्र उभं राहतं. तुमच्या बहिणीत जे झालं ते यामुळेही असेल, आजार पुढे सरकल्यामुळेही असेल. दोन्ही शक्यतांत हॅलोपेरिडॉल आत्ता थांबवणंच योग्य. मात्र हे घरी परस्पर ठरवू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करा. सीके, किडनी आणि पोटॅशियम तपासा. कॅटाटोनिया असेल तर लोराझेपाम १ ते २ मिलिग्रॅम शिरेतून देऊन पाच-दहा मिनिटांनी पुन्हा तपासतात. फरक पडला तर वाटून वाटून डोस वाढवतात, श्वासावर डोळा ठेवून. चळवळीला सायकोसिसचं औषध लागलंच तर क्वेटियापिनसारखं सौम्य, छोट्या डोसात. फिटसाठी लेव्हेटिरासेटाम सर्रास सुरू होतं, पण त्याने चिडचिड आणि संशय वाढू शकतो. वागणं अचानक आणखी बिघडलं तर त्या गोळीकडेही बोट दाखवा. रात्रीच्या झोपेसाठी झगडावं लागतं, आणि ते झगडणं वाया जात नाही.

मूळ उपचार म्हणजे प्रतिकारशक्तीला आवर घालणं. पहिली फळी: मिथाइलप्रेडनिसोलोन १ ग्रॅम रोज शिरेतून ३ ते ५ दिवस, मुलांत ३० मिलिग्रॅम प्रतिकिलो, कमाल १ ग्रॅम. सोबत इम्युनोग्लोब्युलिन एकूण २ ग्रॅम प्रतिकिलो, पाच दिवसांत विभागून. ५० किलोच्या मुलीला रोज २० ग्रॅम, एकूण १०० ग्रॅम. हा खर्च सहज लाखावर जातो, म्हणून पैशाचं गणित पहिल्या दिवशीच रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाशी बोलून मांडा. सरकारी योजना आणि ट्रस्ट यांचे अर्ज निदान लिहिलेल्या कागदाशिवाय सरकत नाहीत. इम्युनोग्लोब्युलिनऐवजी प्लाझ्मा एक्सचेंजही (रक्तातला द्रव बदलून अँटिबॉडी काढून टाकणं) चालतं: एक दिवसाआड ५ ते ७ वेळा. क्रम मात्र सांभाळा. इम्युनोग्लोब्युलिन दिल्यावर लगेच प्लाझ्मा एक्सचेंज केलं तर लाखाचं औषध पिशवीतून वाहून जातं. दुसऱ्या फळीतल्या रिटुक्सिमॅबचंही तसंच. स्टेरॉइड चालू असताना साखर, पोटॅशियम, रक्तदाब आणि पोटाची काळजी घ्यायची. क्षयाची शंका असताना छातीचा एक्स-रे न काढता ते सुरू करू नयेत.

दहा-चौदा दिवसांत ठोस फरक नसेल तर दुसरी फळी, आणि इथे हात आखडता घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रिटुक्सिमॅब (बी-पेशी या प्रतिकारपेशी घटवणारं औषध) ३७५ मिलिग्रॅम प्रतिचौरसमीटर आठवड्याला एकदा, चार वेळा, किंवा १ ग्रॅमचे दोन डोस पंधरा दिवसांच्या अंतराने. गरज पडल्यास दरमहा सायक्लोफॉस्फामाइडही. रिटुक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बीची चाचणी सक्तीची, नाहीतर लपलेला विषाणू यकृतात पेट घेतो. भारतीय बनावटीचं रिटुक्सिमॅब २००७ पासून मिळत असल्याने ते पूर्वीइतकं आवाक्याबाहेर राहिलेलं नाही. ५७७ रुग्णांच्या त्या अभ्यासात पहिल्या फळीने चार आठवड्यांत निम्म्यांना गुण आला, आणि दोन वर्षांनी माहिती मिळालेल्यांपैकी ८१ टक्के चांगल्या अवस्थेत होते. उपचाराला चार आठवड्यांहून जास्त उशीर होणं हा वाईट परिणामाशी जोडलेला घटक आहे, म्हणून एवढी घाई.

एनएमडीए सोडून आणखी काही ऑटोइम्यून आजार मनाच्या वाटेने येतात, त्यांत ल्युपस (प्रतिकारशक्ती सांधे, त्वचा, किडनी अशा अनेक अवयवांवर उलटते तो आजार) सगळ्यात नेहमीचा. तरुण स्त्री, सांधेदुखी, केसगळती, तोंडात वारंवार फोड, उन्हात गेल्यावर गालांवर चट्टे, आणि त्यात संशय-भास सुरू झाले तर एएनए व अँटी-डीएसडीएनए या अँटिबॉडी, सी३ व सी४ ही रक्तातली प्रथिनं, रक्तपेशींची गणना आणि लघवीतलं प्रथिन तपासा. ल्युपसचा सायकोसिस शंभरात एक-दोघांनाच होतो, बहुधा निदानाच्या आसपास किंवा पहिल्या वर्षात. खरी पंचाईत होते ती आधीपासून उपचार चालू असलेल्या रुग्णात: हे ल्युपसमुळे की स्टेरॉइडमुळे? स्टेरॉइडचा त्रास डोसावर अवलंबून असतो. १९७२ च्या बोस्टनच्या पाहणीत रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोन घेणाऱ्यांत मानसिक त्रास १.३ टक्के होता, ४१ ते ८० मध्ये ४.६ टक्के आणि ८० च्या वर १८.४ टक्के. तो बहुधा डोस सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत येतो आणि त्यात उत्साहाचा उन्माद जास्त दिसतो. डोस न वाढवता मन बिघडलं, सी३-सी४ खाली गेले, लघवीत प्रथिन वाढलं, तर ल्युपसकडे पारडं झुकतं आणि डोस कमी नव्हे, वाढवावा लागतो, सोबत सायक्लोफॉस्फामाइड किंवा मायकोफिनोलेट. घरच्यांनी एक गोष्ट मुळीच करू नये: ‘या गोळ्यांनीच वेड लागलं’ म्हणून महिनोन्‌महिने चालू असलेलं स्टेरॉइड एका दिवसात बंद करणं. अधिवृक्क ग्रंथी तोवर झोपलेल्या असतात. रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

साठीच्या पुढचे आजोबा महिन्या-दोन महिन्यांत विसराळू आणि चिडके झाले, रक्तात सोडियम कमी, आणि चेहरा व त्याच बाजूचा हात क्षणभर झटकन आखडतो, दिवसात कितीतरी वेळा, तर त्याला ‘वयाचं’ म्हणू नका. हा एलजीआय१ अँटिबॉडीचा आजार असू शकतो. इथे नियम उलटा आहे: रक्ताची चाचणी पाण्यापेक्षा जास्त पकडते, म्हणून दोन्ही पाठवा. फिटच्या गोळ्यांनी ते झटके फारसे हटत नाहीत, स्टेरॉइडने बऱ्याचदा झपाट्याने हटतात.

‘हाशिमोटो एन्सेफलोपॅथी’, म्हणजे थायरॉइडच्या अँटिबॉडीशी जोडला जाणारा मेंदूचा आजार, या निदानाबद्दल मी फार उत्साही नाही. अँटी-टीपीओ अँटिबॉडी दहातल्या एका धडधाकट माणसातही सापडते, बायकांत तर आणखी जास्त. ती वाढलेली दिसली म्हणजे मनाचा आजार तिच्यामुळे, असं होत नाही. आधी टीएसएच बघा, थायरॉइड कमी असेल तर ते भरून काढा. बाकी सगळं वगळून झाल्यावरच या नावाकडे वळा. तसंच बी१२ चं. शाकाहारी घरांत ते बऱ्याचदा आहारामुळे कमी असतं, पण पोटाच्या ऑटोइम्यून आजारानेही होतं, आणि त्यातून संशय, विस्मरण, पायांत मुंग्या असं सगळं होऊ शकतं. चाचणी साधी, इंजेक्शन स्वस्त, तरी राहून जाते. शाळकरी मुलाला घसादुखीनंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हातापायांच्या अनावर नाचऱ्या हालचाली, रडवेपणा आणि हात धुण्याचा चाळा सुरू झाला तर सिडनहॅम कोरिया, म्हणजे संधिवाताच्या तापाचा प्रकार. हृदयाची इको काढायची आणि पेनिसिलिनचं इंजेक्शन ठरल्या अंतराने वर्षानुवर्षं चुकवायचं नाही.

बरं होण्याचा क्रम बहुधा उलटा असतो: जे शेवटी बिघडलं ते आधी सुधारतं. श्वास आणि नाडी सावरतात, हालचाली थांबतात, शब्द परत येतात, आणि वागणं व एकाग्रता सगळ्यात शेवटी. मधल्या टप्प्यात भूक बेसुमार वाढते, दिवसभर झोप येते, लाजेचं भान सुटतं, एखादी मुलगी चारचौघांत कपडे काढू लागते. घरच्यांना वाटतं पुन्हा बिघडलं. हा टप्पा काही आठवड्यांत सरतो. नर्सिंग स्टाफला आधीच सांगून ठेवा, आणि पडदा व एक माणूस कायम जवळ. आजारपणातले आठवडे तिला आठवणार नाहीत, त्याबद्दल खोदून विचारू नका. कॉलेजची घाई नको. पहिले सहा महिने अर्धा वेळ, विषय कमी, परीक्षा पुढे ढकलण्यासाठी डॉक्टरांचं पत्र. स्मरण आणि नियोजन दीड-दोन वर्षं सुधारत राहतं. सायकोसिसच्या गोळ्या चालू असतील तर त्या मन शांत झाल्यावर डॉक्टरांनी टप्प्याटप्प्याने कमी कराव्यात. या आजारात त्या स्किझोफ्रेनियासारख्या वर्षानुवर्षं लागत नाहीत.

पुढची तपासणी अँटिबॉडीच्या आकड्यावरून करू नका. बरं झाल्यावरही ती अनेक महिने पॉझिटिव्ह राहू शकते आणि त्यावरून औषध वाढवणं चुकीचं. तिचं वागणं, झोप आणि काम यांवरून ठरवा. गाठ सापडली नसली तरी ओटीपोटाची तपासणी दर सहा महिन्यांनी किमान दोन वर्षं, बरेच जण चार वर्षं करतात. दोन वर्षांत साधारण १२ टक्के रुग्णांत आजार उलटतो. उलटताना तो कधी कधी फक्त मनाची लक्षणं घेऊन येतो. सलग दोन रात्री झोप नाही, अकारण संशय, बोलण्यात अडखळणं यांतलं काहीही दिसलं तर जुना डिस्चार्ज कागद घेऊन त्याच न्यूरॉलॉजिस्टकडे जा, दोन दिवसांच्या आत. तो कागद, अँटिबॉडीचा मूळ रिपोर्ट आणि ‘हॅलोपेरिडॉल सोसलं नाही’ ही ओळ तिच्या मोबाइलमध्ये आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.